शेवटच्या शेताचा सम्राट

एक होता सम्राट. नुसता राजा नाही हं, सम्राट! बावन्न राजे त्याच्यापुढे मान लववायचे. नाव त्याचं भद्रसेन. हट्टी असा, की एकदा मनात घेतलं की घेतलं. आपली ठमी आहे ना, तस्साच.

या भद्रसेनाने सोनजाई नदीला बंधारा घातला आणि लांबच लांब पाट काढला. मग तो पाटाच्या कडेकडेने चालत अगदी टोकाला गेला. बघतो तर काय, शेवटचं शेत कोरडं ठणठणीत! बांधावर एक म्हातारी बसलेली. तिच्या पांढऱ्या केसांतून टपटप पाणी गळत होतं. ती साक्षात सोनजाई नदी होती, बरं का!

ती म्हणाली, "भद्रसेना, या शेताची मालकीण कोंडाई माझी वाट बघून थकली. तुला तीन वर्षं देते. या शेतात माझं पाणी आलं तर तुझ्या राज्यात नांदेन. नाही आलं तर डोंगरात परत जाईन."

सम्राट घाबरला. घाबरला, पण हटला नाही.

पहिल्या वर्षी त्याने दगडावर हुकूम कोरला, की पाणी आधी शेवटच्या शेताला. वरच्या सरदारांनी त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, आणि पाणी आपल्याच बागांत वळवलं. लबाड मेले!

दुसऱ्या वर्षी सम्राटाने पाटावर पहारेकरी बसवले. सरदारांनी त्यांना रोज पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. जेवले की पहारेकरी ढाराढूर.

तिसरं वर्ष उजाडलं. सम्राटाचा राजवाडा पाटाच्या अगदी तोंडाशी होता. तो प्रधानाला म्हणाला, "आमचं बिऱ्हाड कोंडाईच्या शेतापलीकडे हलवा."

"महाराज, तिथे पाणी नाही हो!"

"म्हणूनच तर."

मग काय! सम्राट आणि राणी झोपडीत राहायला गेले. कोंडाईचं शेत भिजून उरेल तेच पाणी प्यायचं, असं ठरलं. पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही गेला. राणीचे ओठ सुकले. प्रधान चोरून घागर घेऊन आला. सम्राटाने ती तशीच परत धाडली.

तिसऱ्या दिवशी गावोगाव बातमी पोचली, की आपला सम्राट तहानलेला आहे. झालं! आयाबाया फावडी घेऊन धावल्या. पाट अडवणारे बांध त्यांनी फोडले. सरदारही खाली मान घालून माती उपसू लागले. आणि पाणी आलं, खळखळत आलं! कोंडाईने ओंजळ भरली. "पी रे, लेकरा."

"आधी शेत," सम्राट म्हणाला. शेत भिजलं, तेव्हाच तो प्याला. कोंडाईला रडू आवरेना.

सम्राट काही राजवाड्यात परतला नाही. आपण परतलो की पाणी पुन्हा अडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. झोपडीतूनच त्याने राज्य केलं. शाळा काढली ती आधी शेवटच्या गावात. गाऱ्हाणं ऐकलं ते आधी रांगेतल्या शेवटच्या माणसाचं. सोनजाई तिथेच नांदली. लोक म्हणायचे, सोन्याचं राज्य आहे हो! सोनं कसलं, शेवटच्या शेतापर्यंत पिकलेला गहू होता तो. सगळे पोटभर जेवले आणि सुखात राहिले.

चला, डोळे मिटा. आणि ठमे, गोधडीचं टोक सोड बघू. कडेच्या यमीला रोज पुरत नाही. आज पांघरायला तिच्यापासून सुरुवात करू.