नांदखोलची उलटी पोथी

नांदखोलात पाहुणा आला की पहिल्याच दिवशी हसतो. ओसरीवर आजोबा बसलेले असतात, समोर मांडी घालून चार-पाच वर्षांचं पोर, मध्ये लाकडी ठवणी, आणि ठवणीवरचं पुस्तक आजोबांच्या बाजूनं उलटं. आजोबा ते तसंच वाचतात. अडखळतात, स्वतःलाच शिव्या घालतात, पण पुस्तक फिरवत नाहीत. मागं शहरातल्या एका बाईनं विचारलं, म्हाताऱ्याला दिसत नाही का? दिसतं. तुमच्यापेक्षा बरं दिसतं. ही चाल पडली ती मात्र एकाला दिसेनासं झालं म्हणून. हसायचं ते नंतर हसा, आधी ऐका.

गावाच्या वरच्या अंगाला जोगाईचं ठाणं आहे, त्याच्या पायथ्याशी झरा. चैत्री पुनवेला देवीची पोथी सकाळी उघडायची आणि दिवस मावळायच्या आत संपवायची. मध्ये वाचन तुटलं तर वैशाखात झरा आटतो, असं सांगतात. खरं का खोटं ते देवीला ठाऊक. पण भर उन्हात दोन कोसांवरून घागर आणणाऱ्या बाया ते तपासून बघायला तयार नसत.

वाचायचा मान गुरवाच्या घराचा. त्या काळी गुरव होता सोमा. साऱ्या गावात अक्षर ओळखणारा तो एकटा, आणि त्याच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. आधी पोथीच्या कडा धुरकट झाल्या, मग मधली अक्षरं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, गावाचा जीव टांगणीला लावायचा? स्वतःचा तेवढा लावून घेतला.

घरात सात वर्षांची लेक येसू आणि म्हातारी गोदाआत्या. येसूची आई बाळंतपणातच गेलेली. सोमा रोज सकाळी पोथीतला पहिला अध्याय ओळीवर बोट फिरवत मोठ्यानं वाची. पोथीला शिवायचं नाही म्हणून येसू ठवणीच्या पलीकडं, बापाच्या समोर बसे आणि चिंचा फोडून चिंचोके काढी. पाळण्यातून उतरल्यापासून तिची जागा तीच.

दिवाळी सरली तसं सोमानं तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, पान समोर धरलं आणि दुसऱ्या हातात चिंचेची शिपटी घेतली.

"वाच."

येसूनं पानाकडं पाहिलं आणि अंग चोरलं. "आबा, ही लोंबकळत्यात. वटवाघळागत."

सोमानं शिपटी जमिनीवर आपटली. पोर रडलं, पळालं, गोठ्यात लपलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. राणू पाटलानं वाटेवरून विचारलं, "गुरवा, पोरीला शिकवतोस का म्हशीला?" सोमा वरून हसला. त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही, म्हणे.

शिकवायला शेजारी बसवलं की पोर पळे. सकाळच्या वाचनाला मात्र आपली जागा धरून असे. फाल्गुनात सोमाला ओळसुद्धा दिसेना. पहिला अध्याय तो तोंडपाठच म्हणे, नि कुठं अडला की समोरून चिंचोके काढता काढता येसू पुढचा शब्द सांगे. त्याला वाटलं, ऐकून पाठ झालंय कार्टीला. त्यानं जीव थोडा हलका झाला आणि जास्तच धास्तावला. बाकीचे अध्याय वर्षातून एकदाच वाचायचे, त्यांचं काय? तेही त्याला येत होते, एक सातवा सोडून. सातव्यात निव्वळ नावं आहेत, डोंगरांची आणि पाण्यांची, एकामागून एक दोनशेवर. ती कुणाच्या बापाला पाठ होत नाहीत.

पुनव आली. गाव ठाण्यावर जमलं, येसू ठवणीच्या पलीकडं आपल्या जागी बसली. सोमानं सहा अध्याय तोंडपाठ रेटले, पानं नुसती उलटत गेला. सातवा लागला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पहिली चार नावं आठवली. पाचव्याला जीभ थांबली. वाकून पानाला नाक लावलं, तरी पांढऱ्यावर पांढरंच. त्यानं मान वर केली. मागं बाया कुजबुजू लागल्या.

"काळुंब्याची नळी," समोरून येसू म्हणाली.

सोमानं कान टवकारले. हा अध्याय पोरीच्या कानावर रोज पडत नव्हता.

"हिवरपाणी. तिकाटण्याचा माथा. भुईकोंड."

"देवी आली अंगात!" कुणी ओरडलं. दुसरं म्हणालं, "देवी कसली, बोट बघा तिचं! उजवीकडनं डावीकडं, खालनं वर. उलटं भुतं वाचतात." राणू पाटील पुढं झाला. त्यानं पान ठवणीवरून उचललं, नीट सुलटं करून पोरीसमोर धरलं. "वाच आता." येसूनं पाहिलं, ओठ काढला आणि रडायला लागली. एक अक्षर येईना. सूर्य डोंगराला टेकायला हात-दीड हात उरला होता, आणि माणसं पोरीपासून मागं सरकत होती.

तेवढ्यात गोदाआत्या काठी टेकत आली. पान ओढून घेतलं, ठवणीवर होतं तसं ठेवलं आणि येसूच्या जागी बसून वाकून बघितलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते.

"सोम्या, इकडं ये. हितनं बघ."

"आत्या, मला दिसत नाही," सोमा म्हणाला. सगळ्या गावासमोर, पहिल्यांदा.

"मग ऐक मेल्या. तुझ्याकडनं अक्षरं रेघेला टांगलेली. हिच्याकडनं रेघ खाली, अक्षरं तिच्यावर उभी. पोरीनं जल्मभर उभीच बघितली. तूच बसवलंस तिला हितं, आणि तूच मारायला उठलास."

सोमानं चाचपडत येसूचा हात शोधला, तिला तिच्या जागेवर बसवलं आणि स्वतः अलीकडं बसून पानं उलटत राहिला. पोरीनं शेवटच्या, आठव्या अध्यायापर्यंत वाचलं. शेवटची ओळ संपली तेव्हा शेंड्यांवर ऊन होतं.

झरा त्या वैशाखात टिकला असं सांगतात. नव्हता टिकला असंही एक-दोघं सांगतात, त्यांना गावात कुणी चहा पाजत नाही.

सोमानं शिपटी ठाण्यासमोर मोडली आणि बोलला, "इथून पुढं वाकडं दिसायचं ते थोराला दिसू दे." येसू पुढं सुलटं वाचायला शिकली. तिची पोरं झाली तेव्हा पोथी त्यांच्याकडं तोंड करून ठेवली आणि ती आपल्या जुन्या बाजूनं सरसर वाचत राहिली. तिला सोपं होतं. बाकीच्या गावाला मात्र घाम गाळून शिकावं लागलं.

आजही नांदखोलात पोराच्या समोर बसून थोरच उलटं वाचतात. पोर उठून खेळायला गेलं तर त्याला ओढून आणत नाहीत, पुस्तक त्याच्या बाजूनं उघडं ठेवतात. आणि एखाद्यानं कुरकूर केली, अक्षरं लोंबकळतात म्हणालं, तर शिपटी कुणी शोधत नाही. आजोबा सरकून आपल्याशेजारी जागा करतात. "ये, माझ्याकडनं बघ. उभी हायेत."