शेपूट असलेल्यांची जागा

हिंगणमाळ संस्थानात मोटारी तीनच होत्या. त्यातली एक चढ आला की बैल जुंपून ओढावी लागे. तरीही राजेसाहेबांनी पेट्रोलचा पंप बसवायचा हुकूम काढला, आणि तो कुठे, तर मुलींच्या शाळेच्या भिंतीला लागून! ही जागा सुचवली होती राजेसाहेबांचे मेहुणे विश्रामराव यांनी. पंपाचा मक्ता त्यांचाच होता आणि बंगलाही तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे दुपारची झोप काढून सावकाश गल्ल्यावर जाऊन बसता आलं असतं.

गाव हादरलं. शाळेसमोर लोहाराची भट्टी, दिवसभर ठिणग्या उडायच्या. कोपऱ्यावर टांगेवाले विड्या ओढत बसायचे. चारचौघे राजवाड्यावर गेले. विश्रामरावांनी त्यांना सांगितलं की पेट्रोल हे पाण्यासारखं शांत असतं आणि ही भीती अडाणीपणाची आहे. स्वतः विश्रामरावांनी पेट्रोल पाहिलं होतं ते मोटारीत बसून, काचेआडून.

राजेसाहेब मनाने वाईट नव्हते, पण दिलेला हुकूम मागे घेणं त्यांना मिशी उतरवण्यासारखं वाटे. त्यांनी गावापुढे एक अट टाकली. पंपाविरुद्ध एक शब्दही न बोलता जो कोणी त्यांच्याच तोंडून ‘शाळेपाशी पंप नको’ असं वदवील, त्याचं ते ऐकतील. शनिवारपर्यंत कोणाला जमलं नाही, तर शाळेचं मैदानही पंपाला जाईल.

दुसऱ्या दिवशी पेठेतले धान्याचे व्यापारी सुपारी चघळत गेले. “सरकार, पंप फार उत्तम, पण...” एवढंच ते म्हणाले. राजेसाहेबांनी हात वर केला. ‘पण’ हा शब्द विरुद्धच धरला गेला आणि व्यापारी अर्ध्या वाक्यासकट परत आले. मग कोणी गेलंच नाही.

शुक्रवारी ठकूबाई परटीण राजवाड्यावर निघाली. तिची मुलगी मैना त्याच शाळेत दुसरीत होती, आणि वर्गात बसायची ती नेमकी त्या भिंतीकडच्या खिडकीशी. ठकूबाई राजवाड्याचे कपडे धूत असे. त्यात राजेसाहेबांच्या शिकारी कुत्र्यांच्या गोधड्याही होत्या. शाळेच्या मुलींना बसायला फाटकी तरटं, आणि कुत्र्यांना कापसाच्या गोधड्या! तिने गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. तिचा डाव फसून मैदान गेलं असतं, तर गावाने तिलाच बोल लावला असता.

राजेसाहेब मागच्या अंगणात कुत्र्यांना स्वतःच्या हाताने दूध-भाकरी घालत होते. शेजारी विश्रामराव पान जमवत बसले होते. ठकूबाईने गाठोडं उतरवलं, मुजरा केला आणि पंपाचं कौतुक सुरू केलं. असा पंप आजूबाजूच्या एकाही संस्थानात नाही, म्हणाली. मग तिने विश्रामरावांना नम्रपणे विचारलं, पेट्रोल खरंच पाण्यासारखं असतं का? विश्रामराव खुलले. पाण्यासारखं काय, पाण्याहून गार, आणि वास म्हणाल तर अत्तरासारखा, असं त्यांनी सांगून टाकलं.

“मग सरकार, एक अर्ज आहे,” ठकूबाई म्हणाली. “कुत्र्यांना इथं ओल फार लागते. गोधड्या वाळतच नाहीत. त्या पंपाशेजारी शाळेच्या भिंतीची सावली आहे, जागा ऐसपैस आहे. कुत्र्यांची घरं तिथंच हलवावीत. वासानं गोचिडीसुद्धा पळतील.”

राजेसाहेबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का? समोर लोहाराची भट्टी आहे. एक ठिणगी उडाली तर माझ्या कुत्र्यांचा कोळसा होईल!”

“मेहुणेसाहेब तर म्हणतात, पाण्याहून गार.”

“विश्रामरावांचं काय जातंय? कुत्र्यांच्या जवळपास मला पंप नको.”

विश्रामराव “दाजीसाहेब...” म्हणून काही सांगू पाहत होते, पण तोंडात पान होतं.

ठकूबाईने पदर सावरला. आवाज तिने खाली ठेवला.

“जशी आज्ञा. मग शाळेत जाऊन मी पोरींना तसा निरोप देते, सरकार. ज्याला शेपूट आहे त्यानं पंपापासून लांब राहायचं. ज्याला शेपूट नाही, त्यानं भिंतीला टेकून पाढे म्हणायचे.”

एक कुत्रा भांडं चाटत होता. राजेसाहेबांचा चेहरा लाल झाला.

“अट ठाऊक आहे ना? तू पंपाविरुद्ध बोललीस.”

“पंपाला मी कुठं नावं ठेवली, सरकार? मी शेपटीविषयी बोलले.”

राजेसाहेबांनी कुत्र्यांकडे पाहिलं, मग विश्रामरावांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. ते एवढे हसले की दुधाचं भांडं लवंडलं. डोळे पुसत ते म्हणाले, “बरं बाई, शाळेपाशी पंप नको. ऐकलंस? पंप गावाबाहेर माळावर जाईल, आणि विश्रामराव रोज उन्हातून चालत तिथं जातील.”

विश्रामरावांना ठसका लागला.

मग राजेसाहेबांनी ठकूबाईला विचारलं, काय हवं ते माग. ती म्हणाली, गोधड्या वाळायला कोरडी जागा मिळाली तर बरं होईल. राजेसाहेबांनी पंपाची ती शाळेशेजारची जागाच तिच्या नावावर करून दिली. विश्रामरावांनी कुंपणासाठी तिथे आणून टाकलेले लोखंडी खांबही तिलाच देऊन टाकले, दोऱ्या बांधायला.