भेळवालं कासव आणि दारातल्या पुड्या

एका जंगलात, जांभळीच्या झाडाभोवती, बिळांची आणि ढोलींची मोठी वस्ती होती. त्या वस्तीला, मुलांनो, एक भेळवालं कासव लाभलं होतं. हो, लाभलंच म्हणायचं! दुपार कलली की पाठीवर दुकान घेऊन ते यायचं आणि पळीनं पातेलं वाजवायचं. टण् टण् टण्! की लगेच उंदीर, घुशी, मुंगूस, खारी सगळे बाहेर. कासवाचा हात काही भरभर चालायचा नाही. मग थांबल्या थांबल्या गप्पा रंगायच्या, सकाळची भांडणं तिथंच मिटायची. कुणाला कैरी जास्त, कुणाला तिखट कमी, हे कासवाला तोंडपाठ. असली वस्ती दुसऱ्या कुठल्या जंगलात नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

वस्तीचा कारभारी होता कोल्हा. त्याला टापटिपीचं भारी वेड. एक दिवस तो कासवावर खेकसला, "काय बाजार मांडलाय हा! उद्यापासून ससा प्रत्येकाच्या दारात खाऊची पुडी ठेवील. तू आपला ओढ्यापलीकडे जा बघू." झालं! पुड्या अगदी वेळेवर येऊ लागल्या. दारं मात्र पुडी आत घेण्यापुरतीच उघडू लागली. जांभळीखाली कुणी फिरकेना. म्हातारी साळिंदर तेवढी रोज काठी टेकत ओढा ओलांडून कासवाकडे जाई. "पुडीशी काय बोलू रे मी?" ती म्हणे.

एकदा मात्र दोन दिवस झाले तरी साळिंदरआजी आली नाही. "आजी चुकायची नाही," असं म्हणत कासवानं दुकान पाठीवर घेतलं आणि थेट वस्तीची वाट धरली. वाटेत कोल्हा आडवा आला.

"परवानगी कुठे आहे?"

"आधी आजी, मग परवानगी!" कासव थांबलंसुद्धा नाही.

आजीच्या दारात दोन पुड्या तशाच पडल्या होत्या आणि बिळाचं तोंड ढासळलेल्या मातीनं बंद झालं होतं. कासवानं पुढच्या पायांनी थोडी माती उकरून पाहिली. एवढी माती एकट्यानं उपसणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं पळी उचलली आणि जीव खाऊन पातेलं बडवलं. सगळी दारं धाडधाड उघडली. मुंगूस आणि घुशी मातीला भिडल्या, उंदरांनी ढिगारा बाजूला सारला. थोड्या वेळानं मातीत माखलेली आजी बाहेर आली आणि म्हणाली, "मेल्या, किती हळू चालतोस! भुकेनं जीव जायची वेळ आली." कासव हसता हसता रडलं. सगळेच रडले.

कोल्ह्यानं सशाला विचारलं, "अरे, दोन दिवस पुड्या ठेवल्यास, एक हाक नाही मारलीस?"

ससा मान खाली घालून म्हणाला, "हाक मारायला कुणी सांगितलंच नव्हतं."

कोल्हा ओशाळला. "कासवदादा, चूक माझी. जांभळीखाली दुकान लावा."

कासवानं मान ताठ केली. "दुकान काय, माझ्या पाठीवरच आहे, कुठंही लागेल. पण या वस्तीत आज कोण जेवलं नि कोण नाही, हे मला कळतं. एवढं मानत असाल, तर येतो."

"मानतो," कोल्हा म्हणाला आणि त्या दिवशी भेळेच्या रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभा राहिला.

तात्पर्य : रोज आपल्या वाटेवर उभं राहून जे आपल्याला ओळखतात, त्यांच्यामुळेच वस्ती जागती राहते; त्यांना मानानं जागा द्यावी.