तरव्यातले केस

लग्नाला दोन महिने झाले तरी माझ्या नवऱ्याने, हेरंबने, माझ्यासमोर टोपी काढली नव्हती. ती पहिल्यांदा काढली केसरोपणाच्या दवाखान्यात, डॉक्टर घारपुऱ्यांपुढे.

"मागचे केस काढून पुढे लावू. अठराव्या वर्षी होते तसे दाट," डॉक्टर म्हणाले. हेरंब कित्येक दिवसांनी हसला.

मी विचारलं, "काढले तिथे पुन्हा उगवतात?"

"नाही. पण वहिनी, हे शास्त्र आहे. तुम्हाला यातलं काय कळणार?"

"शास्त्र नाही कळत. माहेरी भाताची लावणी करायचे. तरव्यात दाट उगवलेली रोपं उपटून आम्ही खाचरात लावतो. तरवा एवढासा असला, तर चार खाचरं गच्च भरून देतो असं आमच्यात कुणी म्हणत नाही. यांच्या मागच्या तरव्यात किती भागेल, तेवढंच सांगा."

डॉक्टरांनी हेरंबचं डोकं तेव्हा कुठे नीट पाहिलं. "पुढची एक पट्टी," ते हळूच म्हणाले. "तीही विरळच."

हेरंबचं हसू मावळलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुझ्यासाठीच करत होतो गं."

टोपी डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली होती. आणायला दोघांपैकी कुणीच वळलं नाही.