एका श्वासातला वर

एक होतं चिंचोके गाव. तिथली विहीर आटली होती, भाषणं मात्र कधी आटली नाहीत. चिमुकली मैनी आजारी आईसाठी रोज टेकडीपलीकडून इवल्याशा कळशीत पाणी आणायची. तिच्या वस्तीतल्या नळाचं दर निवडणुकीला उद्घाटन व्हायचं, पाणी तेवढं यायचं नाही.

एके दिवशी ती भरली कळशी घेऊन बागेतून चालली असताना जांभळी, सोनेरी, पोपटी अशी लखलखती तबकडी गुलमोहराखाली अलगद उतरली. आतून आली एक हिरवीगार परी. तिला तीन डोळे होते आणि दोन नाजूक पंख.

"फार लांबच्या ग्रहावरून आलेय गं," परी म्हणाली, "घसा कोरडा पडलाय."

मैनीला पुन्हा टेकडी चढायचं जिवावर आलं होतं. तरी तिने कळशी पुढे केली. परी घटाघटा सगळं पाणी प्यायली.

"तुमच्या गावाला एक वर देते," ती म्हणाली. "कुणीही मागा. पण एकाच श्वासात, आणि माझी ही उजळलेली कांडी विझायच्या आत."

बातमी गावभर झाली आणि बागेत मांडव उभा राहिला. आधी परीचा सत्कार झाला. शाल तिच्या पंखांत अडकली. नारळ हे अंडं असावं असं वाटून तिने तो जपून उबेला धरला.

मग सरपंच अप्पासाहेब माइकसमोर आले. वर मागायचा झाला तरी रीत सोडून कसं चालेल?

"सन्माननीय व्यासपीठ, कार्यक्रमाचे अध्यक्ष, पंचक्रोशीचे आधारस्तंभ..." इथेच त्यांचा श्वास संपला. विरोधी गटाचे तात्यासाहेब उठले. अप्पासाहेबांना टोमणे मारता मारताच त्यांना धाप लागली. कांडी मिणमिणू लागली.

"तू मागतेस का, बाळा?" परीने मैनीला विचारलं.

"आमच्या नळाला पाणी येऊ दे," मैनी म्हणाली. अजून श्वास शिल्लक होता, म्हणून तिने जोडलं, "सगळ्यांच्याच येऊ दे."

गावातल्या नळानळातून रुपेरी धार उसळली. अप्पासाहेब कात्री घेऊन धावले. "थांबा, फीत कापायची राहिलीय." पाणी थांबलं नाही, फीतच वाहून गेली. परी खुदकन हसली आणि नारळ उराशी धरून सप्तरंगी उजेडात नाहीशी झाली.

मैनीने भरली कळशी घरी नेली. आई पाणी प्यायली.

"नळाला पाणी? कुणाचं सरकार आलं गं?"

"कुणाचं नाही, आई. परी आली होती."

आई कितीतरी दिवसांनी हसली, आणि तिने आणखी एक पेला मागितला.