कुसळ्याच्या बरगड्या

ही गोष्ट खरी आहे. शब्दन् शब्द खरी. खोटी निघाली तर माझी डाव्या बाजूची मिशी कापून न्या. बनाक्काला तर मी या डोळ्यांनी पाहिलंय. आता ती माझ्या आजोबांच्या जन्माआधीच गेली होती, हे कुणीतरी चौकस माणूस काढणारच. तर पाहिलंय म्हणजे ती जिच्याखाली बसायची ती चिंच पाहिलीय. तशी मूळची चिंच वठून गेली, तिच्या जागी उगवलेली दुसरी पाहिलीय. पण गोष्ट खरी आहे.

फार वर्षांपूर्वी, जिथं मराठीत कानडी मिसळते त्या माळावर, बोरमाळ नावाचं मेंढक्यांचं गाव होतं. पावसाळाभर मेंढरं गावात राहायची आणि दसरा झाला की सगळ्या घरांची मेंढरं एक करून माणसं दूर घाटाखाली गवताला निघायची. या एकत्र कळपाला ते खांड म्हणत. खांड निघाली म्हणजे अख्खं गावच निघालं. घोड्यांवर भांडी, भांड्यांवर पोरं, पोरांच्या मांडीवर कोंबड्या. आणि खांडीच्या चहूबाजूंनी कुत्री. कुत्र्यांशिवाय खांड म्हणजे कुंपणाशिवाय शेत.

बोरमाळच्या माणसांना मेंढरातलं सगळं कळायचं. एडका पारखताना ते त्याच्या पाठीवर पंजा ठेवत. पाठ गादीसारखी लागली, कणा सापडेनासा झाला, की एडका पसंत. आता जन्मभर एडके चाचपलेल्या माणसानं कुत्र्याच्या पिलाच्या पाठीवरही तसाच पंजा ठेवला, तर त्याला दोष तरी कसा द्यायचा? एडका जड तितका चांगला, तर पिल्लूही जड तितकं चांगलं. इतका साधा हिशोब होता.

म्हणून गावात एक नेम पडला होता. दसऱ्याला चिंचेच्या फांदीला लाकडी दांडी टांगून तराजू करत. एका पारड्यात देवळापुढचा काळा धोंडा आणि दुसऱ्यात त्या साली पाळलेलं पिल्लू. पिलाचं पारडं खाली गेलं की त्या घराची मेंढरं खांडीत घेत. वर राहिलं तर त्या घरानं आपली वाट आपण बघायची. ज्याचं कुत्रं हलकं, त्याच्या मेंढरांचा भार दुसऱ्यांच्या कुत्र्यांनी का वाहायचा?

मग काय, श्रावण सरला की घराघरात पिल्लं फुगवायला सुरुवात. दुधातली भाकरी, ताकातल्या कण्या, वरून लोणी. पोरांना नुसतं ताक, पिलाला लोणी! असं म्हणतात, एका साली उतारावरच्या घरातलं पिल्लू उंबऱ्यावरून सुटलं ते घरंगळत ओढ्यातच जाऊन थांबलं. आणि लोक म्हणाले, वा, काय पिल्लू आहे!

या गावात बनाक्का राहायची. नवरा तापात गेलेला, मूलबाळ नाही, बोटावर मोजण्याइतकी मेंढरं आणि एक पिल्लू. मेंढरं थोडी म्हणून तिला खांड हवीच होती. एकट्या बाईनं मूठभर मेंढरं घेऊन घाटाखाली जायचं म्हणजे वाटेतच ती मेंढरं लांडग्याची नाहीतर चोराची व्हायची. आणि गावात मागं राहायचं तर माळावर काडी उरत नसे. म्हणजे खांडीत जागा मिळाली तर ती मेंढकी, नाहीतर दसऱ्यानंतर परगावात दुसऱ्याच्या दारात भांडी घासणारी बाई. सगळं त्या पिलावर होतं.

आणि पिल्लू कसं, तर लांब पायांचं, सडपातळ, वरून पाहिलं तर बरगड्यांमागं कंबर आत गेलेली. गाव त्याला कुसळ्या म्हणायचं. गवताचं कुसळ जसं असतं ना, बारीक आणि टोकदार, तसं. बनाक्काही मग कुसळ्याच म्हणू लागली, आणि तेही त्या नावाला ओ देऊ लागलं.

ती त्याला उपाशी ठेवत होती असं नाही. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा घालायची. घालण्याआधी दोन्ही हातांची बोटं त्याच्या बरगड्यांवरून फिरवायची, गवई पेटीवरून फिरवतो तशी. बोटांनी सांगितलं तर भाकरीचा तुकडा वाढवायची, बोटांनी सांगितलं तर कमी करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा ढब्बू नावाचा कुत्रा लहानपणी तराजूवर सगळ्यात जड भरला होता. गावानं त्याला गुलाल लावला होता. आणि वर्ष उलटायच्या आत त्याचे पुढचे पाय विळ्यासारखे वाकले. कोवळी हाडं आणि वर एवढा भार, दुसरं काय होणार? शेवटी तो कुत्रा खांडीबरोबर घोड्यावर बसून जायचा. बनाक्का रोज त्याचे पाय तेलानं चोळायची आणि तो तिचा हात चाटायचा. ते पाय ती विसरली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी शेजारची सोनव्वा घाईघाईनं आली. हातात भलंमोठं वाडगं.

"बने, ह्यात ताक हाय, कण्या हैत, आन् तळाला गूळ. पाज त्याला गळ्यापातुर."

"आत्ताच खाल्लंय गं त्यानं."

"खाल्लंय तर खाल्लंय! तराजूत बसंपातुरच तर फुगायला पायजे. मागनं वकू दे की."

"पोट फुटंल त्याचं, सोनव्वा."

"त्याचं फुटंल म्हनतीस, आन् तुझं? तुझं काय भरनार हाय उद्यापासनं?"

बनाक्कानं वाडगं घेतलं. घेतलं, आणि कुसळ्यापुढं धरलंही. पिलाचं काय, समोर आलं की जीभ बाहेर. ते लपलपा प्यायला लागलं. बनाक्काचा हात सवयीनं त्याच्या पोटाखाली गेला. पोट ताणत चाललं होतं, आणि तरी ते पीत होतं, कारण वाडगं तिनं धरलं होतं. तिनं वाडगं काढून घेतलं आणि उरलेलं कोंबड्यांना ओतलं. सोनव्वा कपाळावर हात मारून निघून गेली.

चिंचेखाली गाव जमलं होतं. खांडीचा म्होरक्या धुळाप्पा दांडीजवळ उभा होता. त्याच्या पिलाचं नाव नगारा, आणि नाव ठेवणाऱ्याचं कौतुक करावं इतकं ते शोभत होतं. नगारा पारड्यात बसला आणि धोंडा असा उडाला की तो परत यायला वेळ लागला, असं म्हणतात. मग कुसळ्या बसला. त्याचं पारडं इतकं वर गेलं की त्यानं फांदीवरची कच्ची चिंच तोडून खाल्ली. हेही असंच म्हणतात, मी नव्हतो.

गाव हसलं. धुळाप्पा हसला नाही. तो नेमाचा माणूस होता, वाईट नव्हता.

"बाई, पिल्लू उपाशी हाय तुझं," तो म्हणाला.

"आण्णा, जरा मूठ वळा."

"काय?"

"मूठ वळा म्हनते. आता दुसऱ्या हाताचं बोट त्या गाठींवरनं फिरवा. टोचतंय? पिलाच्या बरगड्या अशा लागल्या तर ते उपाशी. आता मूठ सोडा, तळहाताच्या मासावरनं बोट फिरवा. हाडं घावतात?"

धुळाप्पानं बोट फिरवलं. का फिरवलं ते त्यालाही कळलं नाही. "न्हाई घावत."

"तुमचा नगारा असा लागतोय. आता हात पालथा घाला, बोटं सरळ ठेवा. बोटांमागची हाडं वरनं दिसत न्हाईत, पर बोट फिरवलं की लागत्यात का न्हाई? वाढत्या पिलाच्या बरगड्या अशा लागाव्या. वर पातळ पांघरून, आत हाड. आन् वरनं बघितलं की कंबर दिसावी."

"कंबर बघाया ती काय फडातली नाचनारीन हाय?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा.

"नाचनारीनच हाय!" बनाक्का म्हणाली. "हजार मेंढरांभवती दिसभर नाचायचं असतं तिला. तुझा एडका नाचवून दाखव बघू."

आता हसण्याची पाळी दुसऱ्या बाजूची होती. पण धुळाप्पानं हात झटकला. "नेम हातानं ठरत न्हाई बाई, धोंड्यानं ठरतो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खांड बनाक्काला सोडून निघाली.

बनाक्कानं काय करावं? तिनं मेंढरं सोडली आणि खांडीच्या मागं, धुळीत, हाकेच्या अंतरावर चालू लागली. कुणी म्हणालं, परत जा. ती म्हणाली, वाट काय तुमच्या वाड्यातली हाय का? मग तिला चालू दिलं.

चालता चालता घाटाचा कडा आला. वाट एवढी अरुंद की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. खांडीतली पिल्लं तोवर दमली होती. नगारा तर वाटेतच बसला, आणि तो बसला की वाट भरली. इतक्यात कड्याच्या कपारीतून पारव्यांचा थवा फडफडत उठला. पुढचा एडका बुजला आणि कड्याकडे वळला. मेंढरांचं तुम्हाला ठाऊकच असेल, एक जिथं जातं तिथं सगळी जातात. सगळ्या बोरमाळचं वर्षभराचं जगणं त्या कड्याकडे वळलं.

माणसं ओरडली, पण वाटेत माणूस शिरायला जागा नव्हती. मोठी कुत्री मागं अडकली. धुळाप्पानं नगाऱ्याला हाक मारली. नगारा उठला, दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसला. त्याचा काय दोष? त्यानं जे वाढलं ते खाल्लं होतं.

तेव्हा सगळ्यांच्या मागून, धुळीतून, कुसळ्या आला. वाटेत जागा नव्हती, म्हणून तो मेंढरांच्या पाठीवर चढला. आणि एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर, दुसरीवरून तिसरीवर, असा अख्ख्या खांडीवरून पळाला. असं म्हणतात, की एकाही मेंढराला ते कळलं नाही. एक म्हातारी मेंढी तेवढी म्हणाली, वारा सुटलाय वाटतं. कुसळ्या थेट पुढच्या एडक्याच्या शिंगांवरून उतरला, कड्याच्या अगदी काठावर चारी पाय रोवून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावर भुंकला. पिलाचाच आवाज, फाटका. पण एडका थांबला. एडका वळला, आणि त्याच्यामागं सगळी खांड वळली, दळताना पीठ जात्याभोवती वळतं तशी.

तिथंच, कड्यावर, सगळ्या गावासमोर धुळाप्पानं डोईचं लाल पागोटं काढलं आणि बनाक्काच्या पायांवर ठेवलं. म्हणाला, "अक्का, आजपासनं नेम तुझ्या हाताचा." म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेंढरंसुद्धा चरायची थांबली.

त्यानंतर बनाक्काचा हात पंचक्रोशीत गाजला. लांबून लांबून लोक टोपल्यांत पिल्लं घालून आणायचे. असं म्हणतात, भिंतीपलीकडं पिल्लू ठेवलं तरी ती भिंतीवर हात फिरवून सांगायची की कालचं ताक जास्त झालंय. एकदा एक माणूस ढेरपोटं पिल्लू घेऊन आला आणि म्हणाला, हे फार खातं, याचं खाणं तोडू का? बनाक्कानं बरगड्यांवर बोट ठेवलं तर गाठीच गाठी. "पोट फुगलंय ते जंतानं," ती म्हणाली. "खाणं तोडलंस तर मरंल. आधी औषध दे, मग पोटभर घाल." ते पिल्लू पुढं इतकं मोठं झालं की दुरून लोकांना घोडं वाटायचं. आणि नगारा? त्यालाही तिनंच हातात घेतलं. उपाशी नाही ठेवला. वाढत्या जिवाला उपाशी ठेवायचं नसतं. लोणी बंद केलं, भाकरीचा तुकडा लहान केला, आणि रोज थोडं चालवलं. होळीच्या आत त्याला कंबर आली. त्याचे पाय थोडे वाकडेच राहिले, पण तो म्हातारा होईपर्यंत खांडीबरोबर स्वतःच्या पायांनी चालला.

अजूनही बोरमाळात दसऱ्याला चिंचेखाली लोक पिल्लं घेऊन बसतात. पण आपलं पिल्लू आपण चाचपायचं नाही, शेजाऱ्यानं चाचपायचं. आपलं पिल्लू आपल्याला कायम उपाशीच वाटतं, म्हणून. आधी आपली मूठ, मग तळहात, मग पालथा हात, असं बोट फिरवून घ्यायचं, 'बनाक्काचा हात' एवढं म्हणायचं, आणि मग बरगड्यांना हात लावायचा. आता तर शहरात राहणारी पोरंही सुट्टीला येताना आपली लाडावलेली, बिस्किटं खाऊन फुगलेली पिल्लं घेऊन येतात आणि शेजाऱ्याच्या शिव्या खाऊन परत जातात.

तर, यातलं खोटं काय ते सांगून टाकतो. तुम्हाला वाटत असेल, पिल्लू मेंढरांच्या पाठीवरून पळालं ते मी रचलं. नाही, ते खरं आहे. रचलं ते पागोटं. ऐकणाऱ्यांना आवडतं म्हणून मी घालतो. दर वेळी त्याचा रंगही बदलतो. धुळाप्पानं पागोटं काढलं नाही, पाया पडला नाही, नेमाबद्दल एक अक्षर बोलला नाही. कडा पार झाल्यावर तो खांड थांबवून मागं चालत आला, धुळीनं पांढऱ्या झालेल्या बनाक्काजवळ उभा राहिला, आणि डोंगराकडं बघत म्हणाला,

"बाई, तुझी मेंढरं मधी घाल. मागं लई धूळ हाय."