क्षमेच्या ओळीपाशी

एके वर्षी समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या गावात, दृढीकरण संस्काराची तयारी चालली होती. आईवडिलांनी बालपणी दिलेली श्रद्धा मूल जाणते झाल्यावर स्वतःच्या तोंडाने स्वीकारते आणि ती निभावण्यासाठी पवित्र आत्म्याचे बळ मागते, असा हा संस्कार. नववीतली एकतीस मुले-मुली दर शनिवारी शाळा सुटल्यावर चर्चमागच्या सभागृहात बसत. तो संस्कार द्यायला बिशप येण्यास तीन आठवडे उरले होते.

वर्ग घेणारी जसिंता चोवीस वर्षांची होती. शिकवण्याचे तिचे हे पहिलेच वर्ष. ज्यांच्या हाताखाली ती स्वतः धर्मशिक्षण शिकली, ते आगुस्तीन मास्तर चर्चशेजारीच राहत. चाळीस वर्षे त्यांनी हा वर्ग चालवला आणि गुडघे दुखू लागले तेव्हा तो तिच्या हाती सोपवला.

त्या शनिवारी मुले प्रभूची प्रार्थना म्हणत असताना जसिंताच्या लक्षात आले की तिसऱ्या बाकावरची जॉयलिन एके ठिकाणी ओठ मिटते. आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तूही आम्हाला कर, या अर्थाची ती ओळ. तेवढी सोडून पुढचे सगळे ती नीट म्हणत होती.

"जॉयलिन, ती ओळ पाठ नाही का?"

"पाठ आहे, टीचर. म्हणणार नाही."

तिच्या नकाराचे कारण सगळ्या वर्गाला ठाऊक होते. जॉयलिनच्या घराकडे जाणारी वाट शेजारच्या पास्कोल काकांच्या जमिनीतून जात होती. हद्दीचा वाद झाला आणि काकांनी वाटेवर भिंत घातली. गेल्या वर्षी जॉयलिनचे वडील एलायस यांच्या छातीत कळ आली, तेव्हा रिक्षा दारापर्यंत येऊ शकली नाही. चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून केळीच्या वाडीतून, बांधाबांधाने मोठ्या रस्त्याला नेले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. आणि हेच पास्कोल काका दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, माइकसमोर उभे राहून लोकांना प्रार्थना सांगत.

जसिंताला हे सगळे माहीत होते. पण बिशप मुलांना प्रश्न विचारणार होते, आणि पहिल्याच वर्षी आपला वर्ग कमी पडेल ही भीती तिच्या मनात घर करून होती. ती म्हणाली, "ही प्रार्थना जो पूर्ण म्हणणार नाही, त्याचं नाव दृढीकरणाच्या यादीत घालता येणार नाही."

"मग नका घालू," जॉयलिन म्हणाली आणि दप्तर उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

जसिंता तडक मास्तरांकडे गेली. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले, काठी घेतली आणि ते तिच्याबरोबर आले. पायरीपाशी थांबून म्हणाले, "आत चल, बाय. मला वर्ग घ्यायचाय, आणि त्यात तू पाहिजेस."

त्यांनी मुलांना उभे केले. "डोळे मिटा. ती ओळ येईल तेव्हा ज्यानं तुम्हाला दुखावलं असा एक माणूस समोर आणा. त्याला खरोखर क्षमा केली असेल तरच ती ओळ म्हणा. नसेल तर गप्प राहा. पुढचं सगळ्यांनी म्हणायचं."

प्रार्थना सुरू झाली. ओळ आली, आणि एकतीस आवाजांतले चारच उरले. जसिंताने दचकून पाहिले. मास्तरांचेही ओठ मिटलेले होते.

"उद्या मिस्सेतही असंच म्हणायचं," मास्तर मुलांना म्हणाले.

मुले गेल्यावर जसिंताला राहवेना. "मास्तर, उद्या सगळं गाव असेल! पास्कोल काका माइकवर असतील."

"ठाऊक आहे मला."

"मग का?"

"उद्या फक्त कान उघडे ठेव," एवढेच बोलून ते काठी टेकत निघून गेले.

रविवारी नववीचा वर्ग नेहमीप्रमाणे पुढच्या बाकांवर होता. मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेची वेळ आली. पास्कोल काकांनी माइकवरून सुरुवात केली, आणि मुलांचा खणखणीत आवाज साऱ्या चर्चभर घुमला. ती ओळ आली आणि तो आवाज मध्येच तुटला. मागच्या बाकांवरचे लोक गोंधळले, अडखळले, एकेक करून थांबले. शेवटी ध्वनिक्षेपकातून एकट्या पास्कोल काकांचा आवाज येत राहिला. त्यांनी मान वर केली. समोर जॉयलिन त्यांच्याकडे एकटक पाहत होती. काकांचा आवाजही अर्ध्यावर बंद पडला. अखेर वेदीवरून फादरनीच पुढचे शब्द उचलले.

मिस्सा संपताच आवारात लोकांनी जसिंताला घेरले.

"पोरांना हेच शिकवतेस? प्रार्थना अर्धी सोडायला?"

"बिशपसमोर हाच तमाशा करणार आहात का?"

मास्तर गर्दीतून वाट काढत पुढे आले. "तिला बोलू नका. मुलांना मी सांगितलं होतं."

"तुम्ही? या वयात? पण का?"

मास्तर उत्तर देणार तोच चर्चच्या बाजूच्या दारातून पास्कोल काका बाहेर आले. सर्वांत जास्त संतापतील ते हेच, असे वाटून लोकांनी त्यांना वाट करून दिली. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "पोरांना ओरडू नका. ती ओळ वर्षभर मीच खोटी म्हणत होतो."

कुणाला काही उमगेना. जॉयलिन आईचा हात धरून फाटकापाशी उभी होती. काका तिच्या दिशेने वळले, पण जवळ जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. होते तिथूनच ते बोलू लागले.

"एलायसला खुर्चीवरनं नेला, तेव्हा मी घरातच होतो. खिडकीतनं बघत होतो. भिंतीला मागच्या अंगाला लोखंडी दार आहे, ते मोठं आहे, रिक्षा जाईल एवढं. कुलूप होतं. हद्दीचा राग मनात होता. मला वाटलं, वाट मोकळी करून घ्यायला सोंग करताहेत. मी बाहेर आलो नाही."

जॉयलिनने विचारले, "किल्ली कुठं होती?"

"माझ्या खिशात."

"तुमच्या खिशात होती?"

"होय, पोरी."

जॉयलिन रडली नाही, ओरडली नाही. आईला घेऊन ती फाटकाबाहेर पडली. लोकही मग एकेक करून पांगले.

सभागृहात जसिंता बाकावर मटकन बसली. "मास्तर, काय मिळवलं आपण? काल तिच्यासमोर नुसती भिंत होती. आता किल्लीही कळली. आता ती कधीच क्षमा करणार नाही."

मास्तर तिच्यासमोर बसले. म्हणाले, "कदाचित नाही करणार. पण काल तू तिच्याकडून जी ओळ म्हणवून घेणार होतीस, ती कशाची क्षमा झाली असती? काय घडलं हेच तिला पुरतं माहीत नव्हतं. क्षमा म्हणजे विसरणं, असं आपण मुलांना शिकवतो, कारण शिकवायला ते सोपं जातं. पण जो अपराध उघड्या डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याची क्षमा होत नाही, त्यावर फक्त पांघरूण पडतं. या प्रार्थनेत आपण देवाकडं पुष्कळ मागतो. या एका ओळीत मात्र आपलं माप त्याच्या हाती देतो. मी माणसांना जसं वागवतो तसंच मला वागव, म्हणतो. केवढं भयंकर बोलणं आहे हे! साऱ्या वर्गात त्या एका मुलीला ते ऐकू आलं आणि ती थांबली. आणि आपण तिलाच वर्गाबाहेर काढत होतो."

"आपण नाही. मी," जसिंता हलकेच म्हणाली.

"मीही. चाळीस वर्षं मी ही ओळ पाठ करून घेतली. काल गप्प बसलो, ते पाहिलंस ना? आईच्या मयताला मी धाकट्या भावाला खांदा देऊ दिला नव्हता. जमिनीवरून बोलणं बंद होतं. उद्या त्याच्याकडं जायचं ठरवलंय. पाय लटपटताहेत, ते गुडघ्यांमुळं नाही."

जसिंताने खाली पाहत विचारले, "आणि यादीचं काय करू?"

"पवित्र आत्मा बळ द्यायला येतो. ज्याच्यापाशी बळ आधीच आहे त्यालाच तो मिळतो, असं मी तुला कधी शिकवलं होतं का?"

सोमवारी पास्कोल काकांनी लोखंडी दार उखडले आणि बुधवारपर्यंत गवंड्याबरोबर स्वतः राबून भिंत जमीनदोस्त केली. मास्तर भावाकडे गेले. भावाने दार उघडले, पण आत या म्हटले नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून मास्तर जे बोलायचे ते बोलले आणि परतले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले.

यादी देण्याच्या दिवशी जसिंताने आधी जॉयलिनचे नाव लिहिले आणि मग तिला हाक मारली. "हे बघ, लिहिलंय. ती ओळ म्हटलीच पाहिजेस असं नाही. तुला वर्गासमोर तसं बोलले, ती माझी चूक झाली."

जॉयलिनने ते नाव वाचले. मग म्हणाली, "काल पास्कोल काका वाटेत भेटले, टीचर. मला जाऊ द्यायला बाजूला उभे राहिले. मला इतका राग आला! मी घरी गेले आणि हट्टानं ती ओळ म्हटली. जमली. आज सकाळी म्हणायला गेले तर पुन्हा जमेना." तिने मान वर केली. "ही क्षमा रोज पहिल्यापासून करावी लागते का?"

या प्रश्नाचे उत्तर धर्मशिक्षणाच्या वहीत जसिंताने कधी लिहून दिले नव्हते. ती म्हणाली, "बहुतेक रोजच. मलाही आत्ताच कळतंय."

बिशप आले त्या रविवारी पुढच्या बाकांवरून ती ओळ हळू, विस्कळीत आली. काही आवाज लागले, काही लागले नाहीत, एक मध्येच थरथरला आणि सावरला. तो कोणाचा होता हे पाहण्यासाठी जसिंताने मान वळवली नाही.

पाठ झालेला शब्द खरा व्हायला वेळ लागतो. शिकवणाऱ्याने तेवढा वेळ द्यावा, आणि तोवर स्वतःचीही ओळ तपासून पाहावी.